एन्ड्युरोची ई-बाइक पारखायची कशी

ई-माउंटन बाइकच्या जाहिरातीत पहिला आकडा मोटरचा असतो. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स ८५ न्यूटन मीटर टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची), २०२५ च्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर १०० ची. शिमानोची ईपी८ ८५ ची. डीजेआयची अॅव्हिनॉक्स १०५ ची, आणि बूस्ट दाबला की थोडा वेळ १२०. आकडे खोटे नाहीत, पण एन्ड्युरोसाठी, म्हणजे डोंगरवाटांवरच्या चढ-उताराच्या शर्यतीसाठी, बाइक पारखताना ते जवळजवळ शेवटी बघायचे असतात. एन्ड्युरोत घड्याळ लागते ते मुख्यतः उतारावर. ई-एन्ड्युरोच्या शर्यतीत तांत्रिक चढाचे ‘पॉवर स्टेज’ही ठेवतात, पण आजची कुठलीही चांगली मोटर तुम्हाला वर नेऊन सोडतेच. खाली येताना मात्र मोटर बंद असते आणि तिचे वजन सोबत असते. बॉशची ही मोटर साधारण २.८ किलोची, ८०० वॅट-अवरची बॅटरी ३.९ किलोची. म्हणजे पावणेसात किलो नुसते मध्यभागी लटकलेले. साधी एन्ड्युरो बाइक १५-१६ किलोची असते, ई-बाइक २२ ते २५ किलोची. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन हे जास्तीचे वजन पेलतात का, हाच चाचणीतला मुख्य प्रश्न.

वाट आधी ठरवा

शोरूमच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटे फिरवून काहीच कळत नाही; फार तर सीटची उंची कळते. डेमो बाइक निदान अर्ध्या दिवसासाठी मागा आणि एकच फेरी तीनदा मारा. फेरीत २५० ते ३०० मीटरची चढाई असावी आणि उतार न थांबता किमान पाच मिनिटांचा. त्या उतारात चार गोष्टी हव्यात: सुटे-घट्ट दगड असलेला खडकाळ पट्टा, घाटासारखी आवळ वळणे, एखाद-दोन उड्या आणि ब्रेक सोडताच येणार नाही असा तीव्र तुकडा. तिन्ही फेऱ्यांना तोच माणूस, तीच पाठपिशवी, तेच बूट. दोन बाइकची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी चालवा. रात्री पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीची वाट वेगळीच असते.

जमिनीचा पोतही लिहून ठेवा. इटलीतल्या फिनाले लिगुरेच्या कोरड्या चुनखडीवर जी बाइक रुळावर असल्यासारखी चालते, ती स्कॉटलंडमध्ये इनरलेथनच्या ओल्या मुळांवर घसरू शकते, आणि दोष बाइकचा नसून टायरच्या रबराचा असू शकतो. सह्याद्रीतही हेच. फेब्रुवारीत सुट्या मुरमावर घेतलेली चाचणी जुलैतल्या शेवाळलेल्या कातळाबद्दल काही सांगत नाही.

इंटरनेटवरचे रिव्ह्यू वाचताना आणखी एक गोष्ट बघा: चाचणी झाली कुठे? युरोपात मोटरची साथ ताशी २५ किलोमीटरला तुटते, अमेरिकेत क्लास १ च्या (फक्त पेडल मारताना साथ देणाऱ्या) बाइकला ताशी २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरला. मध्यम उताराच्या वाटेवर हा फरक प्रचंड आहे. अमेरिकन परीक्षक ‘सतत जोर मिळतो’ म्हणतो, तिथे जर्मनीतल्या तुमच्या भावाला त्याच बाइकवर पंचवीसच्या पुढे २४ किलो नुसते रेटावे लागतात.

निघण्यापूर्वी स्टँडवर

आधी वजन करा. लटकत्या काट्याला बाइक टांगा, पेडल आणि बॅटरीसकट. माहितीपत्रकातले वजन बहुधा पेडलशिवाय आणि कधीकधी लहान बॅटरीचे असते.

मग टॉर्क रेंच. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट सहसा ५ ते ६ न्यूटन मीटर, सहा बोल्टचा रोटर (ब्रेकची चकती) असेल तर प्रत्येक बोल्ट साधारण ६, सेंटरलॉक, म्हणजे एकाच कड्याने बसवलेला, असेल तर कडे ४०. सस्पेन्शनच्या सांध्यांचे आकडे प्रत्येक फ्रेमचे निराळे. ते बहुतेक वेळा सांध्यावरच छापलेले असतात. सीट धरून मागचे चाक जमिनीवरून अलगद उचला. चाक उचलण्याआधी हाताला ‘टक्’ असे काही लागले तर सांधा किंवा शॉकचे (मागच्या सस्पेन्शनच्या दांड्याचे) बुशिंग ढिले आहे. हे आधीच पाहिले नाही तर उतारावरच्या प्रत्येक खडखडाटाचे खापर मोटरवर फुटते.

बॅटरीच्या जागी फ्रेमवर मूठ आपटून बघा. बॅटरी आत हलत असेल तर आवाज लगेच येतो. बऱ्याच फ्रेममध्ये कुलपाकडची पट्टी थोडी सरकवली की तो थांबतो. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नीट बसते का, हेही पाहा. चिखल शिरण्याची ती पहिली जागा. वेगाच्या सेन्सरचे चुंबक रोटरवर किंवा व्हॉल्व्हजवळ असते. ते सरकले की मोटर मधेच साथ सोडते आणि पडद्यावर एरर येतो. माणूस मोटर बिघडली म्हणून घाबरतो, आणि काम असते एका स्क्रूचे.

टायर

उत्पादक वजन कमी दाखवण्यासाठी काटकसर करतात ती बहुतेक इथेच. १७० मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचे सस्पेन्शन) आणि खाली हलक्या ट्रेल बाइकचा पातळ टायर, असा जोड दुकानात सर्रास दिसतो. टायर बनवणाऱ्या मॅक्सिसच्या भाषेत सांगायचे तर एक्सो किंवा एक्सो-प्लस बांधणीचा टायर २४ किलोच्या बाइकच्या मागच्या चाकाला पुरत नाही. तिथे डबलडाउन किंवा डाउनहिलची बांधणी हवी. पातळ टायरला वाचवायला लोक हवा ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) चढवतात, मग पकड जाते आणि रिव्ह्यूत लिहिले जाते की ‘मागचे सस्पेन्शन कडक वाटले’.

चाचणीसाठी ८० किलोच्या चालकाने जाड टायरमध्ये पुढे २१ ते २३ आणि मागे २४ ते २७ पीएसआयपासून सुरुवात करावी. हवा डिजिटल गेजने मोजा. पंपावरचा काटा दोन-तीन पीएसआयने सहज चुकतो आणि इथे दोन पीएसआयचा फरक हाताला कळतो. ट्यूबलेसमध्ये २९ इंची टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोके बुजवणारा द्रव, लागते. डेमो बाइकमधले बहुधा वाळून गेलेले असते. चाक कानाजवळ हलवून बघा, आत पाणी डचमळल्याचा आवाज आला पाहिजे.

सस्पेन्शन बसवणे

या पायरीला तासभर द्या. ती टाळून केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण तुम्ही बाइक तपासत नसता, आधीच्या माणसाचे सेटिंग तपासत असता.

मागच्या शॉकपासून सुरू करा. एअर शॉकमध्ये सुरुवातीला चालकाच्या कपडे-पिशवीसकट वजनाइतके पीएसआय, वजन पौंडात. ८० किलो म्हणजे १७६ पौंड, तर १७५ पीएसआय. हवा एकदम भरू नका. दर ५० पीएसआयला थांबून शॉक दहा वेळा सावकाश दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब समान होतो. हे न केल्यामुळे ‘कालपर्यंत बरोबर होती, आज बसली’ अशा तक्रारी येतात. मग कॉम्प्रेशन (दबण्याला होणारा विरोध) पूर्ण उघडा, भिंतीचा आधार घेऊन पेडलवर उभे राहा, शॉकच्या दांड्यावरची रबरी कडी सीलपर्यंत सरकवा आणि न हिसकता उतरा. शॉकचा स्ट्रोक (पूर्ण दबण्याची लांबी) ६५ मिलिमीटर असेल तर ३० टक्के सॅग (चालकाच्या वजनाने होणारी दाब) म्हणजे १९.५ मिलिमीटर. २८ ते ३० टक्क्यांत बसला की पुढे चला. प्रत्येक फ्रेमची लिंकेज (सांध्यांची रचना) वेगळी असल्याने पीएसआयचा आकडा दहा-पंधराने इकडेतिकडे होतोच. प्रमाण मानायचे ते सॅगला.

फोर्कला सॅग १५ ते २० टक्के. १७० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये १८ टक्के म्हणजे ३१ मिलिमीटर. मोठ्या ई-बाइकवर फॉक्स ३८ किंवा रॉकशॉक्स झेब असते, दोन्हींच्या नळ्या ३८ मिलिमीटरच्या. ३५ किंवा ३६ मिलिमीटरचा फोर्क लावून ‘एन्ड्युरो’ म्हणून विकत असतील तर जोरात ब्रेक लावून खडकाळ पट्ट्यात घाला. पुढचे चाक रेषा धरते की फोर्क वळवळतो, ते दोन वळणांत दिसेल.

रिबाउंडचे (दबून परत वर येण्याच्या वेगाचे) क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजा आणि लिहून ठेवा. मधोमध ठेवून सुरुवात करा, दोन-दोन क्लिकने बदला. फुटपाथच्या कडेवरून बसल्या-बसल्या उतरलात तर मागचा भाग एकदा वर येऊन थांबायला हवा. दुसरी उसळी आली तर रिबाउंड वेगवान आहे. ई-बाइकवर रिबाउंड गरजेपेक्षा हळू ठेवण्याची चूक जास्त होते. वजनामुळे बाइक तशीही शांत वाटते, म्हणून हळू झालेला रिबाउंड जाणवत नाही. सलग दगडांवर शॉक परत वर येत नाही, खालीच बसत जातो, आणि पाचव्या-सहाव्या दगडाला तळ लागतो.

ब्रेक लावल्यावर फोर्क बुडतो म्हणून हवा वाढवू नका. हवा वाढवली की बारीक खडबडीत पट्ट्यात मनगटे दुखतात. आधी लो-स्पीड कॉम्प्रेशन दोन क्लिक वाढवा. तळ लागत असेल तर हवेच्या कप्प्यात एक स्पेसर (जागा भरणारा तुकडा) घाला. उतार संपल्यावर कडी बघा: सर्वात मोठ्या आदळीनंतर ५ ते १० मिलिमीटर शिल्लक राहिले असतील तर हिशेब जमला. सगळा ट्रॅव्हल (दबण्याचा पल्ला) कधीच वापरला जात नसेल तर एक स्पेसर काढा. एका फेरीत एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

ब्रेक

चालक, सामान आणि बाइक मिळून १०० किलो धरा. ३०० मीटर खाली येताना साधारण २९४ किलोज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे जवळपास लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला लागते तेवढी. थोडी हवेत आणि टायरमध्ये जाते. तीव्र उतारावर मोठा वाटा दोन पातळ पोलादी चकत्यांत जातो. वर, मोटर असल्यामुळे तुम्ही दिवसात दोनऐवजी पाच उतार मारणार आहात.

म्हणून चार पिस्टनचे कॅलिपर (चकती दाबणारा भाग) ही किमान अट. रोटर पुढे-मागे २००, जड चालकाला पुढे २२० किंवा २२३ मिलिमीटर. मोठा रोटर लावण्याआधी फोर्क आणि फ्रेम किती मोठा रोटर पेलतात ते उत्पादकाच्या कागदात बघा. एस्रॅमचे मेवन आणि शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, एस्रॅमचे कोड डॉट ५.१ या ब्रेक फ्लुइडवर. एकाच्या जागी दुसरे भरले तर सील फुगतात आणि सगळा ब्रेक जातो. ब्लीडिंगची (तेलातली हवा काढण्याची) किटही वेगळीच ठेवा.

नवे पॅड थेट उतारावर नेऊ नका. सपाटीवर मध्यम वेगाने जाऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबा. असे वीस वेळा, मग थोड्या जास्त वेगाने दहा वेळा. ही पायरी गाळली की पॅडवर काचेसारखा थर चढतो, ब्रेक किंचाळतो, आणि परीक्षक ब्रेकला शिव्या देतो.

खरी चाचणी तिसऱ्या उतारावर. न थांबता पाच मिनिटे या आणि शेवटी लिव्हर कुठे येऊन थांबते ते बघा. लिव्हर हँडलकडे सरकत गेली असेल तर तेलात हवा आहे किंवा तेल तापले आहे. लिव्हर जागेवर आहे पण ताकद कमी झाली असेल तर पॅड हरले. ऑरगॅनिक (मऊ) असतील तर मेटॅलिक (धातुमिश्रित) घालून पुन्हा बघा. दोन्ही लक्षणे वेगळी, उपाय वेगळे, आणि बहुतेक रिव्ह्यूंत दोन्हींना ‘ब्रेक फेड’ म्हणून मोकळे होतात.

आता चढ

मोटरची चाचणी चार प्रसंगांत करा. पहिला, तीव्र चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघणे. इथे न्यूटन मीटरपेक्षा मोटर जोर किती हळुवार सोडते हे महत्त्वाचे. झटक्याने सोडला की मागचे चाक जागेवर फिरते किंवा पुढचे हवेत जाते. चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतचा भाग) ४३५ मिलिमीटरचा असेल तर पुढचे चाक लवकर उचलते, ४५० चा असेल तर बसून राहते. सीट ट्यूबचा कोन ७७-७८ अंश असला की आणखी मदत होते.

दुसरा, पायऱ्यांसारखे दगड. पेडल मारणे थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. दगडावर पेडल आपटू नये म्हणून पाय थांबवला तरी बाइक वर जाते, हा त्याचा फायदा. आवळ वळणात मात्र हाच धक्का तुम्हाला कडेला नेतो. अॅपमधून हे कमी-जास्त करता येते का ते तपासा. क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी इथेच बघा. १६० किंवा १५५ मिलिमीटरच्या क्रँकने पेडल आपटणे चांगलेच कमी होते; १७० चा क्रँक लावलेली ई-एन्ड्युरो घेणार असाल तर बदलाचा खर्च धरा.

तिसरा, केडन्स, म्हणजे पाय फिरवण्याचा वेग. त्याच चढावर मिनिटाला ६०, ८० आणि १०० फेऱ्या मारून बघा. काही मोटरी संथ पायाला चांगला जोर देतात आणि वेगवान पायाला सोडून देतात.

चौथा, उष्णता. सर्वात वरच्या मोडमध्ये, जड गिअरवर, सलग वीस मिनिटे चढा. मोटर तापली की स्वतःहून ताकद कमी करते. पुण्यातल्या एप्रिलमध्ये हे स्कॉटलंडपेक्षा लवकर होणार. बॅटरी १५ टक्क्यांखाली गेल्यावर जोर टिकतो का, हेही याच फेरीत नोंदवा.

बॅटरी किलोमीटरमध्ये मोजू नका

माहितीपत्रकातले ‘१२० किलोमीटरपर्यंत’ डोंगरात निरुपयोगी. मोजायची ती चढाई. १०० किलो १००० मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राप्रमाणेच २७२ वॅट-अवर लागतात. त्यात टायरचे घर्षण आणि मोटरमधली गळती मिळवायची आणि पायांनी दिलेली ताकद वजा करायची. तुमचा स्वतःचा आकडा असा काढा: बॅटरी पूर्ण भरा, एकाच मोडमध्ये ५०० मीटर चढा, किती टक्के उतरली बघा. ८०० वॅट-अवरची बॅटरी २४ टक्के उतरली तर १९२ वॅट-अवर खर्ची पडले, म्हणजे १००० मीटरला ३८४, आणि पूर्ण बॅटरीत साधारण २१०० मीटर. पहिल्या १० टक्क्यांवरून हिशेब करू नका, तिथे मीटर बरेचदा उदार असतो. चिखलात आणि थंडीत आकडा खाली येतो.

चार्जरही बघून घ्या. ३६ व्होल्टच्या प्रणालीला ४ अँपिअरचा चार्जर म्हणजे १४४ वॅट. ८०० वॅट-अवर भरायला साडेपाच तास, आणि शेवटी प्रवाह मंदावतो म्हणून त्याहून जास्त. अॅव्हिनॉक्सचा ५०८ वॅटचा चार्जर जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या सत्रापुरती बॅटरी भरतो. मधे चार्ज करून दोन सत्रे मारणाऱ्याला लहान बॅटरीची हलकी बाइक जास्त शहाणपणाची.

उतारावर काय नोंदवायचे

घड्याळ लावा, पण पहिल्या फेरीची वेळ टाकून द्या. बाकीच्या दोहोंत काही सेकंदांचा फरक असेल तर तो तुमचाच समजा. वेळेपेक्षा अशा नोंदी उपयोगी: आवळ वळणात बाइक वळवायला खांदे किती वापरावे लागले, उडीच्या ओठावर बाइक आपण उचलली की ती जमिनीलाच चिकटून राहिली, आणि तिसऱ्या फेरीच्या शेवटी बोटे आखडली का. मागे २७.५ आणि पुढे २९ इंची चाक असलेली बाइक वळणात लवकर झुकते. दोन्हीकडे २९ असलेली दगडांवरून जास्त सरळ जाते. उंच माणसाला दुसरी, बुटक्याला पहिली, असे सरधोपट सांगता येते. हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) ६३ ते ६४.५ अंशांत असेल तर त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पेडल थांबवून खडकाळ पट्ट्यात गेल्यावर मोटरमधून ‘कटकट’ येते का ऐका. बॉशच्या चौथ्या पिढीची सीएक्स आणि शिमानोची ईपी८ यासाठी बदनामच आहेत. आवाज आतल्या गिअरच्या मोकळ्या जागेमुळे येतो, बिघाडामुळे नव्हे. पण चार तास ऐकवत नसेल तर तेही बाइक न घेण्याचे पुरेसे कारण आहे.

गिअरबद्दल थोडक्यात: मोटरच्या जोरात साखळी अडकत-तडकत गिअर बदलला की कॅसेटचे (मागच्या गिअरचक्रांचे) दात आणि साखळीचे दुवे जातात. एस्रॅमची २०२३ सालची ट्रान्समिशन प्रणाली जोरातही सफाईने बदलते. केबलच्या प्रणालीवर बदलण्याच्या क्षणी पाय हलका करायची सवय लावावी लागते. साखळीचे गेज ०.५ टक्के ताण दाखवू लागले की साखळी बदला, तरच कॅसेट वाचते.

पैसे देण्याआधी

ब्रेकचे पाइप हेडसेटमधून (हँडलच्या बेअरिंगमधून) आत गेलेले असतील तर खालची बेअरिंग बदलायला पाइप सोडून ब्रेक ब्लीड करावा लागतो. दहा मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते, आणि पावसात चालवणाऱ्याला ते दरवर्षी करावे लागू शकते. मोटरचे निदान अधिकृत डीलरच्या संगणकावरच होते. मोटर घरी उघडून चालत नाही. म्हणून ‘परदेशातून स्वस्तात आणू’ म्हणणाऱ्यांनी सर्व्हिस जवळ कुठे आहे ते आधी शोधावे. शिवाय प्रवासी विमानात १६० वॅट-अवरहून मोठी लिथियम बॅटरी नेताच येत नाही, हातातही नाही आणि सामानातही नाही. बॅटरीविना बाइक आणून इथे तीच बॅटरी मिळवणे सोपे नसते. भारतात मोटर वाहन नियमांनुसार मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि साथ ताशी २५ किलोमीटरला तुटणारी असेल तरच ती सायकल ठरते. वेगमर्यादा उघडलेली आयात बाइक त्यात बसत नाही.

किमतीची तुलना करताना छापील किमतीत जाड मागचा टायर, मोठे रोटर, मेटॅलिक पॅड आणि लागत असेल तर आखूड क्रँक यांची रक्कम मिळवा. बरेचदा कमी दर्जाच्या मॉडेलला हे सगळे जोडून, कार्बनच्या महाग मॉडेलपेक्षा उतारावर चांगली बाइक कमी पैशात उभी राहते. बाइक घरी आल्यावर धुताना प्रेशर वॉशरचा फवारा मोटरच्या धुऱ्यावर, बेअरिंगवर आणि चार्जिंगच्या भोकावर मारू नका. महिना-दोन महिने वापरायची नसेल तर बॅटरी ३० ते ६० टक्क्यांवर ठेवून, काढून घरात सावलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती विसरू नका.